‘स्पॉन्सर्ड’वर पैसे टाकून विक्री खरंच वाढते का? डोंबिवलीतल्या एका सेलरचा हिशोब

जून महिन्यात डोंबिवलीहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ताई घरूनच इमिटेशन ज्वेलरी विकते. ठुशी, नथ, मोत्याचे सेट. मुलगी झाल्यावर तिने ठाण्यातली नोकरी सोडली आणि एका मोठ्या ऑनलाइन मार्केटप्लेसवर सेलर खातं उघडलं. प्रश्न साधा होता, पण त्यामागे बरंच काही होतं.

“अरे, जाहिरातीचा रिपोर्ट म्हणतो धंदा मस्त चाललाय. मग महिन्याच्या शेवटी हातात काहीच का उरत नाही? असंच चालणार असेल तर मी आपली परत सकाळची लोकल पकडते.”

ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर या पट्ट्यात असे छोटे सेलर घरोघरी आहेत. माल जवळच मिळतो. मोठ्या ई-कॉमर्स कंपन्यांची गोदामं तर शेजारच्या भिवंडीतच आहेत. अ‍ॅमेझॉनने २०१३ मध्ये भारतात विक्री सुरू केली तेव्हाही पहिलं गोदाम भिवंडीतच घेतलं होतं. त्यामुळे धंदा सुरू करणं सोपं झालंय. पण सुरू केल्यावर महिन्याभरात प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो: ‘जाहिरात लावा, नाहीतर तुमची वस्तू कुणाला दिसणारच नाही.’

हा सल्ला अर्धा खरा आहे. कुठला अर्धा, ते या लेखात बघू.

आधी समजून घेऊ : ‘स्पॉन्सर्ड’ जागा मिळते कशी?

तुम्ही अ‍ॅपमध्ये ‘नथ’ असं शोधता. जी यादी येते त्यात दोन प्रकारच्या वस्तू मिसळलेल्या असतात. काही वस्तू विक्री, रेटिंग, किंमत, डिलिव्हरीचा वेग वगैरे बघून प्लॅटफॉर्मने स्वतःहून वर आणलेल्या असतात. याला ऑरगॅनिक म्हणतात. बाकीच्यांवर बारीक अक्षरात ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘अ‍ॅड’ लिहिलेलं असतं. ती जागा पैसे देऊन घेतलेली असते.

ही जागा ठरावीक भाड्याने मिळत नाही. प्रत्येक सर्चला त्या क्षणी लिलाव होतो. सेलरने आधीच सांगून ठेवलेलं असतं की एका क्लिकसाठी मी जास्तीत जास्त इतके रुपये देईन. याला बिड म्हणतात. वस्तू नुसती दिसली तर पैसे कापले जात नाहीत, कुणी क्लिक केलं तरच कापले जातात.

पण सगळ्यात मोठी बिड लावणारा जिंकतोच असं नाही. प्लॅटफॉर्मला क्लिक झाल्यावरच पैसे मिळतात, म्हणून तो बिडला क्लिक होण्याच्या शक्यतेने गुणतो. समजा एकाची बिड ₹९ आहे आणि त्याची वस्तू बघणाऱ्या १०० पैकी १ जण क्लिक करतो. दुसऱ्याची बिड ₹७ आहे, पण फोटो चांगला असल्यामुळे १०० पैकी २ जण क्लिक करतात. पहिल्याचा गुणाकार ९, दुसऱ्याचा १४. दुसरा वर जातो. आणि अशा लिलावात त्याला पूर्ण ₹७ भरावे लागत नाहीत, पहिल्याला हरवण्यापुरतेच, म्हणजे साधारण साडेचार रुपये लागतात. गुगलने २००२ मध्ये आपल्या सर्चच्या जाहिरातींसाठी अशी पद्धत आणली आणि पुढे ती सगळीकडे पसरली. प्रत्येक प्लॅटफॉर्मचं नेमकं सूत्र वेगळं आणि गुप्त असतं, पण गाभा हाच.

यातून पहिली कामाची गोष्ट कळते. फोटो आणि टायटल सुधारलं तर तीच जाहिरात स्वस्तात पडते. अंधुक फोटोवर बिड वाढवत बसणं म्हणजे फुटक्या बादलीत नळ मोठा सोडणं.

पहिला हिशोब : एका ऑर्डरमागे जाहिरातीला किती परवडतं?

ताईला मी पहिला प्रश्न विचारला, “एका सेटमागे तुला सुटतात किती?” ती म्हणाली, “दोनेकशे तरी सुटत असतील.” आम्ही वही घेऊन बसलो. आकडे गोल करून देतो.

- सेटची विक्री किंमत : ₹४९९
- प्लॅटफॉर्मची सगळी कपात, म्हणजे कमिशन, फिक्स्ड फी, शिपिंग, त्यावरच्या जीएसटीसह : ₹१५०
- माल आणि मजुरी : ₹१९०
- बॉक्स, बबल रॅप, टेप : ₹१४
- परत येणाऱ्या मालाचा भुर्दंड, प्रत्येक ऑर्डरवर वाटून : ₹२५
- शिल्लक : ₹१२०

दोनशे नाही, एकशेवीस. आणि हेही जाहिरातीचा खर्च धरण्याआधी. म्हणजे एक ऑर्डर मिळवायला जाहिरातीवर ₹१२० पेक्षा जास्त गेले तर ती ऑर्डर पॅक करायला घेतलेलं सेलोटेपही खिशातून जातं.

रिपोर्टमध्ये हाच हिशोब टक्क्यांत दिसतो. जाहिरातीचा खर्च भागिले जाहिरातीतून झालेली विक्री. अ‍ॅमेझॉनवर याला ‘एकॉस’ म्हणतात. ₹४९९ मध्ये ₹१२० म्हणजे साधारण २४ टक्के. ही ताईची लक्ष्मणरेषा. दुसऱ्याची वेगळी असेल. ‘तीस टक्के एकॉस चांगला’ असं कुणी सरसकट सांगत असेल तर त्याने तुमची वही बघितलेली नाही.

याच आकड्यावरून बिडही ठरते. १०० क्लिकमागे ५ ऑर्डर येत असतील, तर एका क्लिकला परवडणारी कमाल किंमत ₹१२० च्या ५ टक्के, म्हणजे ₹६. शंभरात तीनच ऑर्डर येत असतील तर ₹३.६०. प्लॅटफॉर्म जी ‘सुचवलेली बिड’ दाखवतो ती बाकीचे सेलर काय देतायत त्यावरून आलेली असते. तुमचं मार्जिन त्याला माहीतच नसतं.

इथे जीएसटीचा एक बारकावा आहे, तो बरेच जण विसरतात. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो. ‘त्याचं क्रेडिट मिळतं की’ असं म्हणून आपण तो सोडून देतो. पण इमिटेशन ज्वेलरीवर विक्रीचा जीएसटी फक्त ३ टक्के आहे. ₹४९९ च्या सेटमागे जेमतेम पंधरा रुपये. प्लॅटफॉर्मच्या फीवर भरलेल्या १८ टक्क्यांचं क्रेडिटच त्याहून जास्त होतं. मग जाहिरातीवरचं क्रेडिट वापरणार कुठे? ते नुसतं साचत जातं. म्हणून आम्ही जाहिरातीचा खर्च जीएसटीसकट धरला. १ ऑक्टोबर २०२३ पासून कंपोझिशन स्कीममधले आणि नोंदणीच्या मर्यादेखालचे छोटे विक्रेतेही राज्याच्या आत ऑनलाइन माल विकू शकतात. त्यांना तर हे क्रेडिट मिळतच नाही. त्यांच्यासाठी ₹६ चा क्लिक खरा ₹७.०८ चा असतो. जाहिरातीच्या रिपोर्टमधला खर्च करासकट आहे की कर सोडून, ते बिलाशी ताडून बघा.

आणखी एक. ऑर्डर परत आली तरी क्लिकचे पैसे परत येत नाहीत.

दुसरा हिशोब : ही ऑर्डर जाहिरातीशिवाय आली नसती का?

आता गंमत बघा. ताईचा महिन्याचा जाहिरात खर्च होता साधारण ₹९,०००. रिपोर्टनुसार त्यातून ९८ ऑर्डर आल्या होत्या. एका ऑर्डरमागे ₹९३, एकॉस साडेअठरा टक्के. लक्ष्मणरेषेच्या बराच आत. मग जाहिरात फायद्यातच म्हणायची ना?

संध्याकाळी सात वाजता डोंबिवली स्टेशनबाहेरचा शेअर रिक्षाचा स्टँड डोळ्यांसमोर आणा. पन्नास माणसांची रांग लागलीय. रांगेच्या तोंडाशी एक मुलगा उभा राहून ‘चला एमआयडीसी, एमआयडीसी’ ओरडतोय आणि बसणाऱ्या प्रत्येक माणसामागे रिक्षावाल्याकडून दोन रुपये घेतोय. त्याच्या वहीत लिहिलंय, ‘आज ५० प्रवासी मिळवून दिले’. वही खोटी नाही, पन्नास माणसं खरंच बसली. पण ती तशीही बसणारच होती. तोच मुलगा रात्री साडेअकराला रिकाम्या स्टँडवर उभा राहिला आणि पुलावरून दुसरीकडे वळणाऱ्या दोन माणसांना घेऊन आला, तर ते दोन रुपये सार्थकी लागले.

जाहिरातीचा रिपोर्ट म्हणजे त्या मुलाची वही. ग्राहकाने जाहिरातीवर क्लिक केलं आणि ठरावीक दिवसांत विकत घेतलं, की ती विक्री जाहिरातीच्या खात्यात जमा होते. अ‍ॅमेझॉनवर सेलरच्या स्पॉन्सर्ड प्रॉडक्ट्ससाठी ही मुदत सात दिवसांची आहे. तुमची वस्तू ऑरगॅनिक यादीतही पहिल्या ओळीत असेल, तर ग्राहकाला ती तशीही दिसलीच असती. पण वरच्या स्पॉन्सर्ड चौकटीवर बोट पडलं, म्हणून क्लिकचे पैसे कापले गेले आणि श्रेय जाहिरातीला मिळालं.

हा नुसता तर्क नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी ईबेच्या अर्थतज्ज्ञांनी हे मोजून बघितलं. ‘ईबे’ हे नाव टाकून शोधणाऱ्यांना दाखवायच्या सर्च जाहिराती कंपनीने २०१२ मध्ये काही सर्च इंजिनांवर बंद केल्या. जाहिरातीवरून येणारी जवळजवळ सगळी, ९९.५ टक्के माणसं खालच्या फुकटच्या लिंकवरून आली. थॉमस ब्लेक, क्रिस नोस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातला दुसरा निष्कर्ष आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. नेहमीच्या ग्राहकांवर जाहिरातींचा परिणाम जवळपास शून्य होता, पण ईबे माहीत नसलेल्या किंवा क्वचित येणाऱ्या लोकांवर तो दिसत होता. पैसा मात्र बहुतेक पहिल्या गटावर खर्च होत होता.

ती सर्च इंजिनवरची जाहिरात होती, मार्केटप्लेसच्या आतली नाही. शिवाय ईबे हे मोठं नाव, आपली ठुशी नाही. म्हणून तो निकाल जसाच्या तसा उचलता येत नाही. पण मोजायची पद्धत उचलता येते : जाहिरात बंद करा आणि काय होतं ते बघा.

ताईच्या खात्यावर केलेली चाचणी

नुसती ‘या महिन्यात बंद, मागच्या महिन्यात चालू’ अशी तुलना फसवी असते. मधे एखादा सण आला की सगळं गणित बदलतं. म्हणून आम्ही आषाढ निवडला. लग्नं नाहीत, मोठा सण नाही, दागिन्यांची मागणी बऱ्यापैकी सपाट. आणि लिस्टिंगचे दोन गट पाडले.

ताईच्या १४ लिस्टिंग होत्या. आठ जुन्या, चांगली रेटिंग असलेल्या. सहा नव्या, जेमतेम एखाद-दुसरा रिव्ह्यू असलेल्या. दोन्ही गटांत चार जुन्या आणि तीन नव्या घेतल्या. पहिले दोन आठवडे ‘अ’ गटाची जाहिरात चालू, ‘ब’ ची बंद. पुढचे दोन आठवडे उलट. किंमत, फोटो, कूपन यांना हात लावायचा नाही, अशी तंबी दिली. मग प्रत्येक लिस्टिंगच्या एकूण ऑर्डर मोजल्या. जाहिरातीच्या रिपोर्टमधल्या नाही, खात्यातल्या सगळ्या.

जुन्या आठ लिस्टिंग : जाहिरात चालू असताना ६१ ऑर्डर, बंद असताना ५६. चालू असतानाच्या ६१ पैकी ३४ रिपोर्टने जाहिरातीच्या नावावर टाकल्या होत्या. खर्च ₹२,८९०. रिपोर्टच्या हिशोबाने ऑर्डरमागे ₹८५. पण खरा फरक फक्त ५ ऑर्डरचा, म्हणजे ऑर्डरमागे ₹५७८!

नव्या सहा लिस्टिंग : चालू असताना १९ ऑर्डर, बंद असताना ५. रिपोर्टने जाहिरातीच्या नावावर टाकल्या १५, खरा फरक १४. खर्च ₹१,६५०. ऑर्डरमागे साधारण ₹११८.

गंमत अशी की रिपोर्टमध्ये जुन्या लिस्टिंगची जाहिरात ‘उत्तम’ होती आणि नव्यांची ‘जरा महाग’. प्रत्यक्षात जुन्यांवर पैसे वाया जात होते आणि नव्यांची जाहिरात आपला खर्च भागवत होती. ताई नेमकं उलट करायच्या बेतात होती : नव्यांचं बजेट कापून जुन्यांना द्यायचं.

इतक्या छोट्या आकड्यांत योगायोगाचा भाग असतोच. ६१ आणि ५६ मधला फरक पुन्हा मोजला तर शून्य निघू शकतो किंवा पंधराही. पण पंधरा धरले तरी ऑर्डरमागे ₹१९३ पडतात, तेही तोट्याचंच. आणि ३४ च्या जवळपास तो जाईल असं वाटत नाही. नव्या लिस्टिंगच्या बाबतीत मात्र १९ आणि ५ हा फरक योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

आता महिन्याचा हिशोब मांडू. सगळ्या जाहिराती चालू ठेवल्या तर १६० ऑर्डर, त्यातून सुटणारे ₹१९,२००, जाहिरातीला ₹९,०८०, हातात ₹१०,१२०. फक्त नव्यांची चालू ठेवली तर १५० ऑर्डर, सुटणारे ₹१८,०००, जाहिरातीला ₹३,३००, हातात ₹१४,७००. दहा ऑर्डर कमी आणि साडेचार हजार जास्त.

“म्हणजे मी रात्री बसून दहा पार्सलं जास्त पॅक करत होते, ती तोटा करून घ्यायला?” ताई म्हणाली. हो, साधारण तसंच.

मग जाहिरात केव्हा लावावी?

नवी लिस्टिंग असेल तेव्हा. विक्री नाही म्हणून वर दिसत नाही, आणि वर दिसत नाही म्हणून विक्री नाही, हे चक्र तोडायला जाहिरात उपयोगी पडते. पण तिला मर्यादा घाला. उदाहरणार्थ, पहिल्या पंचवीस-तीस ऑर्डर येईपर्यंत किंवा ठरवलेली रक्कम संपेपर्यंत. तोवर ऑरगॅनिक विक्री उभी राहिली नाही, तर अडचण वस्तूत, फोटोत किंवा किमतीत आहे. जाहिरात ती सोडवणार नाही.

माल पडून असेल आणि हंगाम संपत आला असेल तेव्हा. अडकलेले पैसे सुटणं हाही फायदाच.

नेमका शब्द सापडला असेल तेव्हा. सर्च टर्म रिपोर्ट उघडा. ‘नथ’ या शब्दावर झुंबड असते आणि क्लिक महाग. ‘नाक न टोचता घालायची नथ’ असं शोधणारा माणूस घ्यायच्या तयारीने आलेला असतो, आणि तिथे बिड लावणारे कमी. तुमच्याकडे सोन्याचा माल नसताना ‘सोन्याची नथ’ या शब्दावर क्लिक होत असतील, तर तो शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाका.

केव्हा लावू नये?

तुमच्या शब्दांवर तुम्ही आधीच पहिल्या ओळीत असाल, तर निदान बंद करून बघा. इथे हमखास एक भीती दाखवली जाते : तुम्ही जागा सोडली की स्पर्धक घेईल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच अंदाजावर न जाता मोजायचं. दोन आठवड्यांच्या चाचणीत एक गोष्ट दिसत नाही : विक्री किंचित कमी झाल्याने क्रमवारी हळूहळू घसरते का. त्यासाठी ताई आता जुन्या लिस्टिंगची जागा दर सोमवारी तपासते. एखादी खाली गेली तर फक्त तिची जाहिरात थोडे दिवस चालू करते.

सगळे एकाच घाऊक बाजारातून तोच माल आणून तोच फोटो लावत असतील, तर सावध राहा. अशा वेळी सगळेच बिड वाढवतात, एकूण ग्राहक तेवढेच राहतात आणि प्रत्येकाच्या मार्जिनचा तुकडा प्लॅटफॉर्मकडे जातो. हा काही छोटा धंदा नाही. अ‍ॅमेझॉनचं जगभरातलं जाहिरातीचं उत्पन्न २०२४ मध्ये ५६ अब्ज डॉलरच्या वर गेलं. ते मोठ्या ब्रँडांबरोबरच आपल्यासारख्यांच्या पाच-सहा रुपयांच्या क्लिकांतूनही आलेलं आहे.

आणि बजेट वाढवायचा सल्ला कोण देतंय तेही बघा. जाहिरात सांभाळणारी एजन्सी खर्चाच्या टक्केवारीवर पैसे घेत असेल, तर खर्च कमी करा असं ती सहसा सांगणार नाही.

वस्तू वर-खाली का जाते हे जाणून घ्यायचा हक्कही आपल्याला आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार मार्केटप्लेसने क्रमवारी ठरवणारे मुख्य निकष सोप्या भाषेत सांगायला हवेत. मुळात हा नियम ग्राहकांसाठी आहे, पण सेलरने ते पान एकदा वाचलं तर कुठे मेहनत घ्यायची ते कळतं. काही निकष, उदाहरणार्थ स्टॉक संपू न देणं किंवा वेळेत डिस्पॅच, जाहिरातीपेक्षा स्वस्त असतात.

या रविवारी एवढं करा

एक : सगळ्यात जास्त खपणाऱ्या तीन वस्तूंचं खरं मार्जिन वहीत लिहा. परत येणारा माल आणि न वापरता येणारा जीएसटी धरून.

दोन : त्या मार्जिनला तुमच्या ऑर्डरच्या टक्केवारीने गुणा. बिड त्याच्या वर असेल तर आजच खाली आणा.

तीन : सण नसलेले चार आठवडे बघून लिस्टिंगचे दोन गट करा आणि जाहिरात आळीपाळीने बंद करा. मोजताना एकूण ऑर्डर मोजा.

ताईने जुन्या लिस्टिंगच्या जाहिराती बंद ठेवल्यात. वाचलेल्या पैशातून तिने आधी फोटोसाठी एक चांगला लाइट घेतला आणि शेजारच्या काकूंना पॅकिंगसाठी रोज दोन तास बोलावलं. गौरी-गणपतीत बिड चढतील तेव्हा काय करायचं, हे ती मला विचारणार नाहीये. वही तिच्याकडे आहे.